मध्यंतरबाईंचे सत्तेचाळीस शब्द

पंपांच्या कारखान्यात दोन तऱ्हेची माणसं असतात. पंप बनवणारी आणि पंपांबद्दल लिहिणारी. पहिल्यांचे हात काळे होतात. दुसऱ्यांचं, दिवस फिरले तर, तोंड.

मध्यंतरबाई दुसऱ्यांतल्या. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबट खोली होती, तिथे खिडकीशी त्यांचं टेबल. खाली चाचणीचा चौथरा. नवे पंप तिथे तीन-तीन दिवस एकसारखे चालवून बघत, आणि त्या घरघरीने बाईंच्या कपातला चहा सदा थरथरत असे. सव्वीस वर्षं त्या ही घरघर ऐकत इंग्रजी माहितीपुस्तकं रशियनमध्ये करत होत्या. कारखान्याचा निम्मा माल रशियन बोलणाऱ्या मुलखात जायचा.

यंत्राला तेल किती काळाने घालायचं, तपासायचं कधी, उघडायचं कधी, कुठला भाग कितव्या तासाला बदलायचा, या दोन कामांमधल्या काळाला इंग्रजीत इंटरव्हल म्हणतात. कारखान्याच्या पुस्तकांत असले सत्तेचाळीस इंटरव्हल होते आणि बाई सहा वर्षं त्यांच्यामागे हात धुऊन लागल्या होत्या. म्हणून कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्यांना मध्यंतरबाई म्हटलं. नाव चिकटलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. हिशेबखात्यातल्या एकाला लोक 'गळती' म्हणत. त्या मानाने आपलं बरंच म्हणायचं.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. इंग्रजी पुस्तक म्हणतं, 'देखभालीचं अंतर, पाचशे तास'. झालं, दोन शब्दांत आटोपलं. पण तिकडचा फिटर असं बोलत नाही. देखभाल किती-किती काळाने करायची यासाठी त्याच्याकडे स्वतःचा, अंगवळणी पडलेला शब्द आहे. आणि तासांसाठी त्याच्याकडे 'नाराबोत्का' आहे. नाराबोत्का म्हणजे यंत्र खरोखर जितका वेळ राबलं तेवढेच तास. बंद पडून धूळ खात होतं ते धरायचे नाहीत. तो शब्द घातला की फिटर यंत्रावरचं मीटर बघतो. नाही घातला की भिंतीवरचं कॅलेंडर. बाईंनी जुनी पुस्तकं चाळली, कारखान्यात पाहुणे म्हणून आलेल्या फिटरांना चहा पाजून बोलतं केलं, पत्रं लिहिली, आणि एकेक शब्द पारखून वहीत उतरवला.

रशियन त्यांच्या वाट्याला आली तीही गमतीनेच. एकोणिसाव्या वर्षी शिवणाच्या वर्गाला नाव घालायला गेल्या तर तिथे जागा नव्हती. शेजारच्या खोलीत रशियनचा वर्ग होता आणि तिथे जागाच जागा होती. बावीस जणांनी सुरुवात केली. क्रियापदं आली तशी माणसं गेली. शेवटच्या परीक्षेला दोघंच उरले: बाई आणि एक किडकिडीत मुलगा, जो चुकीचं उत्तर लिहिण्यापेक्षा कोरा कागद देणं पसंत करायचा. व्याकरण संपलं की माणसं एकमेकांकडे बघायला मोकळी होतात. त्या दोघांनी लग्न केलं.

मुलगा पुढे कॉलेजात रशियन शिकवायला लागला. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. मास्तरांच्या वर्गात आधी चाळीस मुलं होती, मग बारा, मग तीन, आणि शेवटी नुसते मास्तर. तेव्हा कॉलेजने विभाग बंद केला. तीन वर्षं ते घरीच होते. घरात तिसऱ्या वन्सं, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण. वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. दारात आलेलं प्रत्येक पाकीट उजेडाला धरून बघायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं तोवर कारखान्यात गुणवत्ता आली. म्हणजे तसा विभाग आला. त्याने परिभाषा समिती नेमली. पाच सभासद, आणि पाचांपैकी एकालाही रशियनचं अक्षर ओळखता येत नव्हतं. अध्यक्ष खरेदीखात्यातून आले होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मला रशियन येत नाही हेच माझं बळ. ज्याला भाषा येते तो कुठल्या ना कुठल्या शब्दाची बाजू घेतो. मी निःपक्षपाती आहे."

मग शब्द तपासायचे कसे? त्यासाठी अध्यक्षांनी उलट तपासणी काढली. बाईंची रशियन यादी बंद पाकिटातून बाहेरच्या एका तपासनिसाकडे जाणार. कोण ते गुप्त. त्याला इंग्रजी दाखवायचं नाही. त्याने रशियनवरून इंग्रजी लिहून पाठवायचं. ते आपल्या मूळ इंग्रजीशी शब्दाला शब्द लावून बघायचं. जुळला तर हिरवी खूण, नाही तर लाल. सत्तेचाळीसांत निदान अडतीस हिरव्या हव्यात. यादी तीनदा नापास झाली तर काम गावातल्या यंत्रानुवाद कंपनीला, आणि बाईंची रवानगी खोक्यांच्या विभागात, म्हणजे माल भरायच्या शेडमध्ये. पाकिटांवर लाखेची मोहोर करायला टपालखात्यातले लाखकाका नेमले. त्यांच्याकडून, बाईंकडून आणि त्या अज्ञात तपासनिसाकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या.

पहिल्या खेपेला सोळा हिरव्या आल्या.

"अहो, पण तो शब्द असाच आहे रशियनमध्ये," बाई म्हणाल्या. "आपण म्हणतो 'देखभालीचं अंतर'. ते म्हणतात 'तांत्रिक देखभालीची नियतकालिकता'. तपासनिसाने ते इमानाने इंग्रजीत उतरवलंय. अर्थ तोच की!"

"बाई, धोब्याकडे पांढरा सदरा दिला आणि निळा परत आला, तर आपण धोब्याला विचारणार की नाही?"

"शब्द काय सदरा आहे?"

"सदऱ्यापेक्षा महाग आहे," अध्यक्ष म्हणाले. "सदऱ्याला समिती लागत नाही."

बाई टेबलाशी परतल्या आणि त्यांनी तेच केलं जे कुठलाही शहाणा माणूस करणार नाही. यादी आणखी सुधारली. जिथे थोडीशी इंग्रजीची चव राहिली होती तिथे तीही काढून टाकली. दुसऱ्या खेपेला अकरा हिरव्या आल्या.

"आलेख बघा," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही मेहनत घेता तसतशी भाषा बिघडते."

नियमाप्रमाणे बाईंना तपासनिसाचा कागद बघता यायचा, पण टेबलाच्या पलीकडून आणि सहीवर कोरा कागद ठेवून. लाखकाकांनी तो धरला. बाईंनी चष्मा पुसला. इंग्रजी फार देखणं होतं. बाईंच्या प्रत्येक रशियन शब्दातला कण अन् कण वेचून त्याने इंग्रजीत मांडला होता, जणू पाहुण्यांपुढे चांदीची भांडी मांडावीत. शेवटी शेऱ्यांचा रकाना होता. त्यात ओळीमागून ओळ एकच शेरा: 'उत्तम. बदलू नये.' शेऱ्यांना गुण नव्हते, म्हणून समितीने तो रकाना वाचलाच नव्हता.

आणि अनुक्रमांकांतल्या प्रत्येक साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती. सात, सतरा, सत्तावीस. घरातल्या दुधाच्या वहीत, गॅसच्या पावतीवर, लग्नाच्या वाढदिवसाच्या चिठ्ठीवर बाईंनी हा सात बत्तीस वर्षं पाहिला होता.

"काय झालं बाई?" लाखकाकांनी विचारलं.

"काही नाही काका. अक्षर बरं आहे."

त्या दिवशी बस सोडून बाई चालत घरी गेल्या. मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसलेले. बाईंची चाहूल लागताच त्यांनी पेपर ओढून काहीतरी झाकलं. हे गेले दोन महिने चाललं होतं, आणि बाईंना वाटत होतं, म्हातारपणी कोडी सोडवायची लाज वाटते बिचाऱ्यांना! बाईंनी स्वतःची वहीही पिशवीत तळाशी दडवली. एकाच टेबलाच्या दोन टोकांना एकाच कारखान्याची दोन गुपितं.

मास्तरांना कधी कळलं असेल? पहिल्याच शब्दाला. या गावात नाराबोत्का लिहिणारं दुसरं होतं कोण?

वन्सं उकडलेले बटाटे वाढत होत्या. बाईंनी वन्सांकडे बघून सुरुवात केली.

"वन्सं, काही माणसांना भारी सोस असतो हो सुंदर इंग्रजी लिहायचा. दोन शब्दांत भागतं तिथे सहा घालतात."

मास्तरांनी मिठाच्या बाटलीकडे बघितलं. "ताई, ज्यात सहा शब्दांचा ऐवज आहे त्याचे दोन करायचे, याला लबाडी म्हणतात."

"आणि त्यापायी कुणाचं टेबल गेलं तर?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "टेबल? कुणाचं टेबल?"

"असेल एखाद्या बाईचं. तिसऱ्यांदा नापास झाली की रवानगी खोक्यांत."

"हे त्या बाईने आधी सांगायला हवं होतं!"

"त्या बाईने गुप्ततेच्या कागदावर सही केलीय."

"त्या गृहस्थानेही केलीय," मास्तर हळूच म्हणाले.

वन्सांनी पळी भांड्यात आपटली. "लेकी बोले सुने लागे, हे मी ऐकलं होतं. इथे तर मीच लेक आणि मीच टपालाची पेटी! सरळ बोला ना एकमेकांशी. त्याच्या पाकिटांवर हिच्याच कारखान्याची मोहोर असते ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?" दोघंही एकदम म्हणाले.

"मला कुणी सही कुठे मागितली? मान राखला असता तर बोलले असते." मग त्या बाईंकडे वळल्या. "आणि तू गं? त्यांना हवं तसं लिही की वेडंवाकडं. मोठी आलीय शब्दांची पाठराखीण!"

बाईंना ते पटलं. चार वर्षं उरली होती नोकरीची. खोक्यांच्या शेडमध्ये बसायला जागा नाही, उभ्याने काम. त्यांचा एक गुडघा आधीच रुसलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजी यादी समोर घेतली आणि शब्दाला शब्द ठोकत गेल्या. देखभालीचं अंतर, तपासणीचं अंतर, तेलाचं अंतर. ज्या रशियनला कुणी रशियन फिटर ओळख दाखवणार नाही अशी रशियन. सहा वर्षं लागली होती ते काम अडीच तासांत झालं. उलट तपासणीत याला सत्तेचाळीसपैकी पंचेचाळीस तरी मिळाले असते.

मोहोर व्हायच्या आदल्या दिवशी एक पत्र आलं. लांबच्या कुठल्याशा थंड गावातल्या शीतगृहाच्या फिटरचं. तिथल्या पंपाचं पुस्तक मागच्या वर्षी घाई म्हणून यंत्रानुवाद कंपनीकडून करून घेतलं होतं. फिटरने अतिशय अदबीने लिहिलं होतं: 'आपला पंप चांगला आहे. तो आम्ही अडीअडचणीसाठी ठेवला असून वर्षातून जेमतेम महिनाभर चालवतो. पुस्तकात पाचशे तासांनी उघडा असं लिहिल्यामुळे दर तीन आठवड्यांनी उघडतो. वर्षात सतरा वेळा उघडला. चालण्यापेक्षा उघडलेलाच जास्त असतो. आता झाकणाचे आटे झिजले आहेत. पंप इतका नाजूक आहे का, हे कृपया कळवावे. मी एकटाच आहे आणि झाकण नव्वद किलोचं आहे.'

बाईंनी पत्र तोंडी भाषांतर करून समितीपुढे वाचलं.

"फार महत्त्वाचं पत्र आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण ते रशियनमध्ये आहे. तुम्ही सांगता तेच त्यात आहे कशावरून? आधी त्याचं भाषांतर, मग उलट भाषांतर, मग दोन्ही जुळली तर विषयपत्रिकेवर."

"त्या माणसाचं झाकण नव्वद किलोचं आहे."

"तेही तपासावं लागेल."

बाई जागेवर आल्या. अडीच तासांची यादी त्यांनी परत वाचली. तिच्यात पाचशे तास होते, तासांचं मीटर नव्हतं. त्यांनी तिच्या दोन घड्या केल्या आणि कपाखाली सरकवल्या. चहा थरथरून सांडायचा, टेबल खराब व्हायचं. लाखकाकांकडे दिली ती वहीतली, खरी.

निकाल सोमवारी सकाळी. बाई उभ्या राहायची सवय व्हावी म्हणून आधीच उभ्या होत्या. लाखकाकांनी मोहोर फोडली, कागद लावला आणि हिरवी पेन्सिल घेतली. एक हिरवी, दोन हिरव्या, दहा, वीस. पेन्सिलीचं टोक मोडलं, नवी घेतली. सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "बघा! पद्धत माणसाला घडवते ती अशी!"

"साहेब, कलम नऊ," दुसरे एक सभासद कानाशी लागले.

कलम नऊ अध्यक्षांनी स्वतः लिहिलं होतं: पंचेचाळीसपेक्षा जास्त जुळले तर पेपर फुटला असं समजावं. टाळ्यांचे हात अध्यक्षांनी टेबलावर ठेवले.

"पाकीट कुणाच्या ताब्यात असतं?"

सगळे लाखकाकांकडे बघू लागले. काकांच्या निवृत्तीला आठ महिने होते. सव्वीस वर्षांत त्यांनी एक स्टँपही घरी नेला नव्हता. त्यांच्या बोटांवर लाख वाळली होती, ती ते एकसारखी खरवडत राहिले. "मी नाही साहेब," ते म्हणाले, आणि हे वाक्य इतकं बारीक निघालं की खोटंच वाटलं.

गप्प बसलं असतं तर बाईंचं टेबल वाचलं असतं. नवा तपासनीस, नवी खेप, कपाखालची यादी. एवढाच खेळ होता.

"काकांना सोडा," त्या म्हणाल्या. "तपासनीस माझे यजमान आहेत."



"म्हणजे घरातच फुटलं!" अध्यक्षांना एकदम हायसं वाटलं.

"घरात फुटलं असतं तर मी दोनदा नापास कशी झाले असते?"

अध्यक्षांनी विचार केला. प्रश्न चांगला होता. "हे इतिवृत्तात घेऊ नका," ते म्हणाले. "नुसतं लिहा, तिसरी खेप नापास."

संध्याकाळी बाईंनी पिशवी खुर्चीवर आदळली. या वेळी वन्सांमार्फत बोलायची गरज उरली नव्हती.

"अहो, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस? आयुष्यात एकदा लबाडी केलीत, ती तरी बेताने करायची! चार-पाच चुकवायचे!"

"चुकीचं कसं लिहायचं ते जमेना," मास्तर म्हणाले.

"सगळंच तर चुकीचं लिहिलंत!"

"हो. सगळीकडे नुसतं 'अंतर, अंतर' लिहीत गेलो. पण ते सगळं एकसारखं चुकीचं होतं. त्यातले कुठले चार खरे ठेवायचे ते ठरवेना. ज्याला खरं ठेवावं त्याच्यावर उपकार, बाकीच्यांवर अन्याय." त्यांनी चष्मा काढला. "तुझं टेबल जाईल म्हणून केलं गं. ते जायचं ते गेलंच."

बाईंना खूप बोलायचं होतं. दिवसभर त्यांनी ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण ज्या माणसाने परीक्षेत कोरे कागद दिले त्याने सत्तेचाळीस ओळी खोट्या लिहिल्या होत्या, आणि प्रत्येक साताच्या पोटात रेघ न चुकता दिली होती. बाई आत जाऊन पाणी प्यायल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बटाटे आहेत का?"

यंत्रानुवाद कंपनीच्या यादीला त्रेचाळीस हिरव्या मिळाल्या. तिचा समारंभ झाला. अध्यक्षांचा फोटो सूचनाफलकावर लागला आणि पुस्तक छापायला गेलं.

खोक्यांची शेड चौथऱ्याच्या पलीकडे. तिथे बाईंना उंच स्टूल मिळालं, कारण लाखकाकांनी टपालखात्यातलं स्वतःचं आणून दिलं. काम एवढंच: खोक्यात काय काय भरलं त्याची रशियन यादी करायची. पंप एक, बोल्ट सोळा, पुस्तक एक, सोबतचे कागद अमुक इतके. शेडचे मुकादम आडदांड गृहस्थ होते.

"ही यादी कोणती समिती तपासते?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"समिती कशाला? कागद दहा लिहिलेत तर दहा असायला हवेत. त्यात काय लिहिलंय ते मी कशाला बघू? मला कुठे वाचता येतंय!"

"दहाचे अकरा लिहिले तर?"

"अकरा टाका म्हणजे झालं."

बाई त्या दिवशी घरी आल्या त्या वही हातात धरून. टेबलाच्या मधोमध उघडून ठेवली. मास्तरांनी पेपर बाजूला सारला. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दोघं एका कागदावर काम करत बसले. पंधरा मिनिटांत मास्तर एकतिसाव्या शब्दावर अडले.

"हा जरा जुना वाटतो."

"तुम्हीच शेरा दिला होतात, उत्तम, बदलू नये!"

"तेव्हा मी तपासनीस होतो. आता सरळ सांगतोय."

"तिकडचे फिटर हाच वापरतात. मी विचारलंय."

"किती फिटरांना?"

"तीन!"

"तीन म्हणजे काय लोकमत झालं?"

"अगं बाई गं," वन्सं आतून ओरडल्या, "यापेक्षा तुम्ही गुप्त होतात तेच बरं होतं!"

एकतिसावा शब्द तीन दिवस चालला. बुधवारी मास्तर हरले, गुरुवारी बाईंनी आपण होऊन तो बदलला आणि सगळी यादी वहीतून एका कागदावर उतरवली. शुक्रवारी थंड गावच्या शीतगृहासाठी नवं झाकण आणि छापील पुस्तक असलेलं खोकं शेडमध्ये तयार होतं. खिळे मारणाऱ्याने हातोडा उचलला तेव्हा बाई स्टुलावरून उतरल्या.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "अकरावा कागद राहिलाय."